जुन्या लुगड्यांची गोधडी कशी शिवावी

गोधडीसाठी सुती आणि वापरून मऊ झालेले कापडच घ्यावे. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि टाके ओढले जातात. नायलॉनच्या साड्या आतल्या आत सरकतात, हे मी माझ्या पहिल्या गोधडीत एक साडी वाया घालवून शिकले. नऊवारी लुगड्याचे चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा साधारण दोन मीटरांचा होतो, आणि दोन-दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की दोघांना पुरेल अशा गोधडीच्या वरच्या आणि खालच्या बाजू एकाच लुगड्यातून निघतात. मधे जुनी धोतरे, विरलेल्या चादरी यांचे तीन-चार थर पुरेत. त्याहून जाड झाल्यास सुई अडते आणि धुतलेली गोधडी लवकर वाळत नाही.

ग्रामीण घरांतून हे काम उन्हाळ्यात, शेतीची कामे उरकल्यावर काढतात. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. जेवणे आटोपली की सासू-सुना ओसरीवर थर अंथरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि तळहाताने सुरकुत्या बाहेर सारत हातभर अंतरावर कच्चे टाके घालतात. या कच्च्या टाक्यांत घाई मुळीच करू नये, कारण गोधडी कडेकडून आत शिवत नेतात आणि थर नीट बसलेले नसतील, तर सगळा झोळ शेवटी मध्यभागी गोळा होतो.

त्यानंतर चारही कडा आत दुमडून पक्क्या कराव्यात आणि दुहेरी सुती दोऱ्याने काठाला समांतर धावदोरा घालत, कोपऱ्यावर वळत, बोटभर अंतराने एकात एक चौकोन भरत जावे. सुईवर एका वेळी तीन-चार टाकेच घ्यावेत आणि दर टाक्याला सुईचे टोक खालच्या बाजूला निघाल्याचे डाव्या हाताच्या बोटाला जाणवले पाहिजे, नाहीतर खालचा थर सुटा राहतो. दोऱ्याची गाठ थरांच्या आत लपवावी. विरलेल्या जागी ठिगळ आधीच लावून घ्यावे. माझ्या आईने अशा जागी पोलक्याची बाही लावली होती आणि तिची काठाची पट्टी आजही ओळखू येते.

स्वतः शिवणे जमत नसेल, तर गावातल्या शिवणाऱ्या बाईंकडे कापड द्यावे. हाताने दाट भरलेल्या एका गोधडीत त्यांच्या कित्येक दुपारी जातात, म्हणून मजुरी त्या दिवसांच्या हिशेबाने विचारावी आणि त्या सांगतील ती घासाघीस न करता द्यावी.