नोर्ते सुटण्यापूर्वी आणि सुटल्यावर

मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या वेराक्रुस आणि ताबास्को राज्यांत किंवा पलीकडे ओआहाकाच्या दक्षिण किनाऱ्यावर नोकरी, जहाज अथवा प्रवासानिमित्त हिवाळा काढणाऱ्या मराठी माणसाला आपलीच एक सवय तिथे अडचणीत आणते. वादळ म्हटले की आपण पावसाकडे पाहतो आणि पाऊस उघडला की संकट टळले असे धरून चालतो. स्थानिक लोक ज्याला नुसते ‘नोर्ते’, म्हणजे उत्तर, म्हणतात त्या वाऱ्याचा जोर मात्र पुष्कळदा पाऊस थांबून आकाश निवळल्यावरच वाढतो. म्हणून पुढील सर्व तयारी पावसाची नसून मुख्यतः वाऱ्याची आहे.

कॅनडाकडून निघालेल्या थंड हवेला उत्तर अमेरिकेच्या मैदानांत अडवणारा पूर्व-पश्चिम पर्वत नाही. आपल्याकडे हिमालय आडवा उभा आहे. तिकडे रॉकी पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. त्यामुळे हा लोंढा टेक्सास ओलांडून आखातावर उतरतो आणि पूर्वेकडील सिएरा माद्रे डोंगररांगेच्या कडेने दक्षिणेकडे घसरतो. या लोंढ्याची पुढची कड म्हणजे शीत आघाडी. सप्टेंबर ते मे या हंगामात अशा सुमारे पन्नास आघाड्या मेक्सिकोत येतात आणि तिथली राष्ट्रीय हवामान सेवा त्यांना क्रमांक देते. या क्रमांकाचा जोराशी काहीही संबंध नाही, हे आधी लक्षात घ्यावे. चाळिसावी आघाडी पाचवीपेक्षा मोठी असते असे नव्हे. ती फक्त नंतर आलेली असते. सूचनापत्रात क्रमांकाऐवजी ‘राचास’, म्हणजे झोतांच्या वेगाचा आकडा, शोधावा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी १२० किलोमीटरचा झोत ६० किलोमीटरच्या झोतापेक्षा दुप्पट नव्हे, चौपट ढकलतो. वेराक्रुसमध्ये राज्याच्या नागरी संरक्षण विभागाची ‘आलेर्ता ग्रिस’, म्हणजे करडी सूचना, निघाली की तयारीला लागावे.

सूचनेखेरीज एक खूण अंगालाच कळते. आघाडी येण्याच्या आदल्या दिवशी बहुधा दक्षिणेचा गरम, कोरडा वारा सुटतो. त्याला ‘सुरादा’ म्हणतात. हिवाळ्यात अचानक उन्हाळा लागल्यासारखे वाटू लागते आणि वायुभारमापकाचा काटा उतरत जातो. नवखी माणसे त्या दिवशी समुद्रस्नानाचा बेत आखतात, तर जुनी माणसे होड्या वर ओढतात. मग वारा एकाएकी फिरून उत्तरेचा होतो, काही तासांत तापमान दहा अंशांनीही उतरू शकते आणि वायुभार झपाट्याने चढू लागतो.

घरातली कामे सुरादाच्या दिवशीच उरकावीत. गच्चीवरची पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवावी, कारण रिकामी टाकी वाऱ्याने उडते. पत्रे दोरखंडाने बांधावेत, कुंड्या आत घ्याव्यात आणि उत्तरेकडच्या खिडक्यांच्या कड्या तपासाव्यात. वेराक्रुस शहरातल्या किनारी रस्त्यावर गाडी उभी करू नये. तिथे वाळूचे ढीग साचतात आणि उडत्या वाळूने रंग खरवडला जातो. माडाखाली किंवा जाहिरातीच्या फलकाखालीही गाडी ठेवू नये. उष्ण प्रदेशातल्या घरांत ऊब देणारी यंत्रणा नसल्यामुळे सोळा-सतरा अंशांतही वाऱ्यामुळे चांगलेच काकडायला होते. तरीही बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेत जीव जातो.

तेहुआंतेपेकच्या संयोगभूमीवर, म्हणजे दोन समुद्रांमधल्या मेक्सिकोच्या चिंचोळ्या पट्टीवर, मात्र पाऊस पाहून अंदाज बांधण्याची सवय सपशेल फसते. इथे दोन समुद्रांमधले अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर आहे आणि डोंगररांगेत चिवेलाची खिंड आहे. आखातावर साचलेली थंड, जड हवा या खिंडीतून नळीतून सुटावी तशी पॅसिफिककडे धावते. ला वेंतोसा या गावाचे नावच ‘वाऱ्याचे’ अशा अर्थाचे आहे. भोवती पवनचक्क्यांची रानेच उभी आहेत. वर निरभ्र आकाश आणि लख्ख ऊन असताना इथे शंभर किलोमीटरच्या वरचे झोत वाहतात. जवळच्या हुचितान शहराहून पूर्वेकडे जाणारा महामार्ग या वाऱ्याला आडवा पडतो, त्यामुळे उंच आणि रिकामे मालट्रक कुशीवर पडतात. उंच वाहन असेल तर वाहतूक सुरू असली तरी हुचितानलाच थांबावे. छोट्या गाडीने जावेच लागले तर वेग कमी ठेवावा आणि ट्रकला ओलांडताना विशेष सावध राहावे, कारण ट्रकच्या आडोशाला वारा पडतो आणि आडोसा सुटताच गाडीला एकदम धक्का बसतो. उतरताना दार दोन्ही हातांनी धरावे. एका हाताने धरलेले दार बिजागरीसकट उलटते.

लहान बोटीने पॅसिफिककडचे तेहुआंतेपेकचे आखात पार करणारे दर्यावर्दी किनाऱ्याला अगदी चिकटून जातात. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे काठाजवळ लाटेला वाढायला जागा मिळत नाही. बाहेर गेल्यावर मात्र ती प्रचंड होते. इंजिनाचा पूर्ण भरवसा नसेल तर ही युक्तीही करू नये, कारण यंत्र बंद पडले की बोट थेट खोल समुद्रात लोटली जाते. त्यापेक्षा उआतुल्कोच्या बंदरात दोन-तीन दिवस थांबणे बरे. उत्तरेकडे मेक्सिकोच्या आखातात तर थांबण्याला पर्यायच नाही. वेराक्रुसच्या सान हुआन दे उलुआ किल्ल्याच्या भिंतीत पूर्वी जहाजे जखडण्यासाठी धातूच्या कड्या बसवल्या होत्या, त्या याच वाऱ्यासाठी. २३ ऑक्टोबर २००७ रोजी अशाच आघाडीच्या वाऱ्यात उसुमासिंता हा तेलखोदाईचा फिरता मनोरा शेजारच्या विहिरीच्या मनोऱ्यावर आदळला आणि २२ माणसे दगावली.

पाऊस अगदीच दुर्लक्षिण्याजोगा असतो असे नाही. हालापासारख्या डोंगरी गावात तो ‘चिपिचिपि’ नावाची दिवसचे दिवस चालणारी झिमझिम असतो, आणि तिला छत्रीपेक्षा लोकरीचे कपडे अधिक उपयोगी. ताबास्को आणि उत्तर चियापासमध्ये मात्र ऊबदार आखातावरून ओल उचललेली हवा डोंगरांवर आदळून मुसळधार कोसळते. २००७ च्या ऑक्टोबरअखेरीस याच पावसाने ताबास्कोचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. समुद्र अजून तापलेला असतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आघाड्यांना पावसाच्या दृष्टीने अधिक भ्यावे. ताबास्कोची राजधानी वियाएर्मोसा इथे राहणाऱ्याने आपल्या गल्लीतला पाऊस थांबला म्हणून निश्चिंत न होता वरच्या डोंगरांत किती पडला आणि ग्रिहाल्वा नदीची पातळी काय आहे ते विचारावे. कागदपत्रे वरच्या मजल्यावर हलवावीत. गरज पडल्यास मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे.

वारा पडल्यावरही समुद्र शांत व्हायला वेळ लागतो, म्हणून बंदर अधिकाऱ्यांनी लहान बोटींना मोकळीक दिल्याशिवाय पाण्यात उतरू नये. ऐन हंगामात पुढची आघाडी आठवडाभरातही येते. तेव्हा पत्र्यावरचे दोरखंड मेपर्यंत सोडू नयेत.