आहारशास्त्राची पदवी: प्रवेशाआधी अभ्यासक्रम कसा तपासायचा

बारावीनंतर डाएटिशियन व्हायचं ठरलं की घरात चर्चा होते ती कॉलेजच्या नावाची, फीची आणि होस्टेलची. अभ्यासक्रमाची पुस्तिका हातात येते ती प्रवेश झाल्यावर. ती आधीच मिळवा. बहुधा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. नसेल तर विभागात जाऊन मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर त्यातूनही कळायचं ते कळतं. पुस्तिका मिळाली की सगळ्यात आधी तासांचा तक्ता उघडा.

तास मोजा

२०२१ साली केंद्राने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे दोन्ही त्यात येतात. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी ३ ते ६ वर्षांची आणि किमान ३,६०० तासांची हवी, असं हा कायदा सांगतो. त्यामुळे सहा आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राची आणि या पदवीची तुलनाच होऊ शकत नाही.

पुस्तिकेत तास क्रेडिटमध्ये दिलेले असतात. तासिकेचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास धरा. आता पेन घ्या आणि फक्त एक बेरीज करा: रुग्णालयात, वस्तीत किंवा मोठ्या स्वयंपाकघरात अनुभवी डाएटिशियनच्या देखरेखीखाली किती तास काम आहे? आहारतज्ज्ञ संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने यासाठी किमान ५०० तास ठरवले आहेत. रोज ८ तास धरले तर हे साधारण ६३ दिवस होतात. ब्रिटन आणि अमेरिकेत १,००० तास लागतात. आपल्याकडची सहा महिन्यांची इंटर्नशिप आठवड्याला ६ दिवस, रोज ७ तास खरोखर झाली, तर १,०९० तास भरतात, म्हणजे कुठेही मान खाली घालावी लागत नाही. अडचण ‘खरोखर’ या शब्दात आहे.

या बेरजेत कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं पाककृतींचं प्रात्यक्षिक धरू नका, एका दिवसाची रुग्णालय-भेट धरू नका, पोषण सप्ताहातलं पोस्टर प्रदर्शनही धरू नका. ते सगळं शिकण्यासारखं आहे, पण तिथे समोर रुग्ण नसतो.

उद्दिष्टांतलं क्रियापद पाहा

प्रत्येक पुस्तिकेत ‘अभ्यासक्रमाची उद्दिष्टे’ असं पान असतं. तिथली क्रियापदं अधोरेखित करा. ‘विद्यार्थ्याला मधुमेहातील आहाराची माहिती होईल’ हे वाक्य तपासताच येत नाही. ‘विद्यार्थी २४ तासांच्या आहार-रिकॉलवरून ऊर्जा व प्रथिने मोजेल, निदान लिहील, तक्ता बनवेल आणि पुढच्या भेटीत तो बदलेल’ हे तपासता येतं, म्हणून परीक्षेतही विचारता येतं. (रिकॉल म्हणजे गेल्या २४ तासांत काय खाल्लं ते रुग्णाने आठवून सांगणं.) चांगल्या अभ्यासक्रमात अशा वाक्यांशेजारी मूल्यमापन कसं होणार तेही दिलेलं असतं: किती केसेस, कोणाची सही, तोंडी परीक्षा की लॉगबुक.

अभ्यासक्रम ताजा आहे का, हे कळायला एक सोपी खूण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये पोषणाच्या शिफारशी सुधारल्या. त्यात संदर्भ-पुरुष, म्हणजे हिशोबासाठी नमुना म्हणून धरलेला पुरुष, ६५ किलोचा आणि संदर्भ-स्त्री ५५ किलोची आहे. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २,११० आणि स्त्रीला १,६६० किलोकॅलरी धरल्या आहेत. पुस्तिकेत किंवा सीनियरच्या वहीत पुरुष ६० किलोचा दिसला, तर तिथे अजून २०१० चेच आकडे शिकवतात. अन्नघटकांच्या तक्त्यांचंही तेच. याच संस्थेचे ५२८ पदार्थांचे तक्ते २०१७ मध्ये आले आहेत. प्रात्यक्षिकात ते वापरतात का, ते विचारा.

आकडा ताटात उतरवता आला पाहिजे

या पदवीचं सगळं मोल इथे आहे. जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी नीट शिकवले जातात. कच्चं राहतं ते ग्रॅमचं वाटीत रूपांतर.

३० ग्रॅम तुरीच्या डाळीत साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात. तिचं घट्ट वरण एक वाटी होतं आणि पातळ केलं तर दोन वाट्या. रुग्ण ‘एक वाटी वरण’ म्हणाला आणि तुम्ही विचारलं नाही, तर तुमचा आकडा दुपटीने चुकू शकतो. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत जवळजवळ ५ ग्रॅम प्रथिनं आणि १६५ ते १७० किलोकॅलरी असतात. पण सोलापूरकडची मोठी, पातळ भाकरी आणि मुंबईच्या डब्यातली छोटी भाकरी एकाच मापाची नसते. म्हणून पहिल्याच वर्षी वजनकाटा, मापाची वाटी आणि पळी घेऊन घरचं जेवण महिनाभर मोजायला लावणारा विभाग चांगला समजा.

तेल तर कोणीच बरोबर सांगत नाही. ‘आम्ही कमीच वापरतो’ हे ठरलेलं उत्तर. तिथे महिन्याचा हिशोब विचारायचा. चार माणसांत महिन्याला ३ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज २५ मिलीलिटर झालं, म्हणजे २०० किलोकॅलरींच्या थोडं वरच. नुसत्या रिकॉलमध्ये हा आकडा अर्ध्यावर आलेला असतो. प्रात्यक्षिकाच्या यादीत असा ताळा घेणं आहे का, ते पाहा.

वॉर्डात काय शिकवलं गेलं पाहिजे

जगभर मान्य असलेली पद्धत चार टप्प्यांची आहे: मूल्यमापन, पोषण-निदान, उपाय आणि पाठपुरावा. विद्यार्थी अडखळतात ते दुसऱ्या टप्प्यावर, कारण तिथे डॉक्टरांनी दिलेलं आजाराचं नाव लिहून चालत नाही. समस्या, तिचं कारण आणि पुरावा असे तीन तुकडे लागतात.

६० किलोचा एक रुग्ण डायलिसिसवर आहे असं समजा. डायलिसिस नसताना किडनीच्या आजारात, मधुमेह नसेल तर, प्रथिनं किलोमागे ०.६ ग्रॅमच्या आसपास ठेवतात, म्हणजे ३६ ग्रॅम. हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणं, सुरू झालं की तीच गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते, म्हणजे ७२ ग्रॅमपर्यंत. घरात मात्र फ्रिजवर लावलेला जुना तक्ता तसाच असतो आणि डाळ बंदच राहते. याचं निदान असं लिहायचं: ‘समस्या: प्रथिनांचं सेवन अपुरं; कारण: डायलिसिसपूर्वीचं पथ्य अजून चालू; पुरावा: रिकॉलमध्ये ३८ ग्रॅम, गरज ७२ ग्रॅम.’ निदान इतकं नेमकं असलं की उपाय त्यातूनच निघतो. ‘किडनीचं पथ्य’ नावाचा छापील कागद सगळ्यांना वाटायची सवय लागलेला विद्यार्थी इथे रुग्णाचं नुकसान करतो.

औषधं आणि अन्न यांच्या संबंधांना किती तासिका आहेत, तेही मोजा. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्याला पालेभाजी पूर्ण बंद करणं ही सर्रास होणारी चूक आहे. तिथे पालेभाजीचं प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवायचं असतं, कारण पालेभाजीतल्या के (K) जीवनसत्त्वाशी त्या औषधाचा सामना असतो आणि औषधाचा डोस त्याच अंदाजाने बसवलेला असतो.

स्वयंपाकघर टाळू नका

बऱ्याच विद्यार्थ्यांना किचनची पोस्टिंग कमीपणाची वाटते. नळीवाटे दिल्या जाणाऱ्या फीडचं उदाहरण घ्या. १,६०० किलोकॅलरी द्यायच्या आहेत, मिलीलिटरला एक किलोकॅलरी, दर दोन तासांनी २०० मिलीलिटर, आठ वेळा. कागदावर हिशोब चोख. पण किचनने भाताची पेज किंवा पीठ जास्त घातलं, तर फीड गार होताना घट्ट होतं आणि नळीतून उतरत नाही. मग वॉर्डात २०० मिलीलिटरमध्ये ५० मिलीलिटर पाणी मिसळतात आणि त्यातलं २०० देतात. रुग्णाची ऊर्जा एका क्षणात पाचव्या हिश्शाने कमी होते आणि नोंदीत मात्र ‘२०० मिलीलिटर दिले’ असंच दिसतं. हे पकडायला किचन, ट्रॉली आणि खाट असा पूर्ण प्रवास फीडबरोबर करावा लागतो. शंभर माणसांच्या पाककृतीचं प्रमाणीकरण आणि गरम अन्न ६० अंशांच्या वर धरून ठेवणं हेही तिथेच शिकता येतं.

म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा: इंटर्नशिपमध्ये रुग्णाशी स्वतः किती वेळा बोललात? तक्ता तपासून परत कोणी दिला? दिवसभर डाएट शीट भरणं आणि ट्रॉलीमागे फिरणं एवढंच उत्तर आलं, तर ते तास कागदावरचेच समजा. शिकवणाऱ्यांपैकी कोणी आजही ओपीडीत बसतं का, हेही विचारून घ्या.

पुढची कागदपत्रं

पदवीनंतर बहुतेक जण पदव्युत्तर पदविका किंवा एम.एस्सी. करतात. मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन, नागपूरला एलएडी ही गृहविज्ञानातून या विषयाकडे आलेली जुनी ठिकाणं आहेत. इंडियन डाएटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ परीक्षा द्यायची असेल, तर आपली पदवी आणि इंटर्नशिपचं रुग्णालय त्यांच्या चालू नियमांत बसतं का, हे इंटर्नशिप सुरू होण्याआधी पाहा. नंतर पाहिलं तर सहा महिने पुन्हा करावे लागू शकतात.

परदेशी जायचा विचार असेल तर अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणी-परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवी लागते. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे आणि नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. दोन्हीकडे विषयवार तास आणि प्रत्यक्ष कामाचे तास मागतात. त्यामुळे प्रत्येक पोस्टिंग संपेल त्याच आठवड्यात लॉगबुकवर तारीख, तास आणि देखरेख करणाऱ्या डाएटिशियनची सही घ्या, आणि निकाल लागला की आपल्या बॅचच्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत विद्यापीठातून काढून ठेवा. दोन वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो, सही करणाऱ्या बाई दुसऱ्या रुग्णालयात गेलेल्या असतात, आणि मग तीच प्रत मिळवायला खेटे घालावे लागतात.