‘अभिजन’ लिहिताय? या चुका टाळा

परवा मुद्रितं तपासताना एक वाक्य समोर आलं : ‘मराठीला अभिजन भाषेचा दर्जा मिळाला.’ ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाला तो ‘अभिजात’ भाषेचा दर्जा. भाषा, संगीत, साहित्य ‘अभिजात’ असतं. ‘अभिजन’ ही माणसं : समाजात वजन असलेले मूठभर लोक, इंग्रजीत ‘एलीट’. दोन्ही शब्द ‘जन्’ धातूचेच, त्यामुळे घोळ होतो. शंका आली तर त्या जागी ‘बहुजन’ घालून वाचा. ‘बहुजन भाषेचा दर्जा’ कानाला लगेच खटकतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अभिजन आणि श्रीमंत एकच समजणं. लॉटरी लागून कोट्यधीश झालेला माणूस श्रीमंत खरा, पण तेवढ्यानं अभिजनांत बसत नाही. उलट भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा, पण ज्याच्या एका परीक्षणानं पुस्तक उचललं जातं किंवा पडतं, असा समीक्षक सांस्कृतिक अभिजनांपैकीच. शब्दाचा भार खिशावर नाही, वजनावर आहे : मूठभर लोक आणि बाकीच्यांच्या निर्णयांवर, आवडीनिवडींवर चालणारी त्यांची सत्ता. इटालियन समाजशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतोच्या मांडणीत तर प्रत्येक क्षेत्राचे अभिजन वेगळे. म्हणून राजकीय, बौद्धिक, आर्थिक असं विशेषण जोडलंत तर अर्थ नेमका होतो.

जुन्या संस्कृत ग्रंथात हा शब्द भेटला तर मात्र आजचा अर्थ चिकटवू नका. तिथे ‘अभिजन’ म्हणजे कूळ. पाणिनीच्या परंपरेत तर आपण राहतो तो ‘निवास’ आणि पूर्वज राहत होते ते ‘अभिजन’. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचा माणूस ‘आढ्योऽभिजनवानस्मि’ अशी फुशारकी मारतो, म्हणजे मी धनवान आहे आणि कुलीनही. पैसा आणि कूळ यांना तिथेही दोन वेगळे शब्द लागले आहेत.

बारीकसारीक गोष्टी : ‘अभिजन लोक’ ही द्विरुक्ती, कारण जन म्हणजेच लोक. ‘अभिजन वर्ग’ चालेल. ‘ते एक अभिजन आहेत’ हेही टाळा. ‘अभिजनांपैकी एक’ म्हणा. ‘उच्चवर्गीय’ आर्थिक स्थितीबद्दल बोलतो, ‘उच्चवर्णीय’ जातीबद्दल. एका अक्षराचा फरक, पण छापून आल्यावर खुलासा करावा लागतो.

आता ‘उच्चभ्रू’. माझ्या मते मराठीतला हा सगळ्यात गमतीदार शब्द. इंग्रजी ‘हायब्राउ’चं हे शब्दशः भाषांतर. कवटीच्या आकारावरून बुद्धी जोखायचं एक खूळ १९व्या शतकात युरोप-अमेरिकेत होतं. उंच कपाळ म्हणजे तल्लख डोकं, अशी समजूत. त्यातला ‘ब्राउ’ म्हणजे कपाळ. मराठीत आणताना कपाळाची भुवई झाली! पण चूक फळली म्हणायची, कारण उंचावलेल्या भुवईत नाक मुरडण्याचा भाव आपसूक आला. मूळ शब्द बौद्धिक अभिरुचीचा; आपल्याकडे तो ‘उच्चभ्रू वस्ती’त जाऊन पैशाला चिकटला. ही रूढी आता मोडणार नाही, मोडूही नये. फक्त ज्यांच्या हाती सत्तेची सूत्रं आहेत त्यांना उच्चभ्रू म्हणू नका, तिथे ‘अभिजन’च हवा. आणि ‘भ्रू’ दीर्घच. अनेकवचनात ‘उच्चभ्रूंचा’ लिहितानाही ऊकार दीर्घ राहतो आणि अनुस्वार येतो.