इंग्रजी मेलमध्ये पाऊस चालायला लागला तेव्हा

ऐरोलीच्या ऑफिसात उशिरा पोचले, तसं मेलवर कळवलं: ‘वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड.’ साहेबांनी विचारलं, पाऊस चालत स्टेशनला निघाला होता का? स्पेलचेकची लाल रेघ नाही, स्वल्पविराम काढून पाहिला, तरी तेच. वर्षभर असले टोमणे ऐकून कान किटले होते.

घोळ आपल्या ‘-ताना’चा निघाला. ‘स्टेशनला जाताना पाऊस सुरू झाला’ हे मराठीत चोख. जाणारी मी, सुरू होणारा पाऊस, कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र सुरुवातीच्या ‘-इंग’वाल्या तुकड्याचं काम पुढच्या कर्त्याच्या गळ्यात पडतं.

आता पाठवण्याआधी तो तुकडा शोधते. मग ‘कोण?’ विचारते. उत्तर स्वल्पविरामानंतर लगेच नसेल, तर कर्ता तुकड्यातच घालते: ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग टू द स्टेशन, इट स्टार्टेड रेनिंग.’ (‘कन्सिडरिंग’सारख्या रुळलेल्या शब्दांना यातून सूट.)

‘विथ’ची तऱ्हा वेगळी. ‘आय सेंट द फाइल टू द क्लायंट विथ एरर्स’ म्हणजे चुका क्लायंटला चिकटल्या! आपण ‘चुका असलेली फाइल’ म्हणतो. तिथे हा तुकडा नामाला मागून खेटून बसवायचा: ‘आय सेंट द फाइल विथ एरर्स टू द क्लायंट.’