लग्नाचं बजेट का कोलमडतं? यादी करताना या चुका टाळा

सुपारी फुटली की दुसऱ्याच दिवसापासून कार्यालयं बघायला सुरुवात होते. एखादं आवडतं, तारीख मोकळी असते, टोकन दिलं जातं. मग कधीतरी एका रविवारी कुणीतरी वही काढून पाहुण्यांची यादी करायला बसतं. हा क्रमच उलटा आहे. हॉल केवढा लागेल, ताटं किती सांगायची, पाहुण्यांसाठी खोल्या किती घ्यायच्या, हे सगळं माणसांवर ठरतं. यादीआधी कार्यालय घेतलं की दोनातलं एक होतं. एक तर हॉल अपुरा पडतो, नाहीतर "एवढा मोठा हॉल घेतलाच आहे तर त्यांनाही बोलवू" म्हणत यादी फुगत जाते. दुसरा प्रकार जास्त महाग पडतो.

पत्रिका मोजल्या, माणसं मोजलीच नाहीत

"आमच्याकडच्या २०० पत्रिका" या वाक्याला बजेटमध्ये काही अर्थ नाही. पत्रिकेवर आपणच हौसेने "सहकुटुंब सहपरिवार" छापलेलं असतं. काही जण २०० ला सरळ दोनाने गुणून ४०० ताटं धरतात. त्यापेक्षा यादीचे तुकडे करा. समजा २०० पैकी १२० घरं त्याच शहरातली आहेत. तिथून सरासरी तीन माणसं धरा, म्हणजे ३६०. बाहेरगावची ५० घरं असली आणि त्यातली निम्मी आली, घरटी दोन, तर आणखी ५०. ऑफिसातल्या ३० जणांपैकी २५ येतील आणि बहुतेक एकेकटेच येतील. हे झाले ४३५. शिवाय फोटोवाले, बँडवाले, डेकोरेशनची पोरं, गाड्यांचे ड्रायव्हर, मेकअपवाली आणि तिची मदतनीस मिळून वीस-पंचवीस ताटं सहज लागतात. ती कुणाच्याच यादीत नसतात, पण बिलात येतात. म्हणजे ४०० ची ४६० झाली, आणि ही फक्त एका बाजूची.

गावाकडे हा हिशेब वेगळा. तिथे आमंत्रण "घरटी एक" आहे की "चूलबंद", यावर सगळं अवलंबून असतं. चूलबंद म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, अख्खं घर जेवायला येतं. दीडशे घरांचं गाव असेल आणि हे आधी ठरलं नसेल, तर आचाऱ्याला कितीचं सामान सांगणार? भावकीत एकाला चूलबंद आणि दुसऱ्याला घरटी एक, असं करायला जाऊ नका. ते निस्तरणं ताटांपेक्षा महाग पडतं.

ताटाचा दर विचारला, मोजायची पद्धत विचारली नाही

दर सगळेच विचारतात. मोजणी कशी होते हे फार थोडे विचारतात, आणि भांडणं तिथेच होतात. कार्यालय किंवा केटरर तुमच्याकडून किमान ताटांचा आकडा घेतो, ज्याला सगळे "गॅरंटी" म्हणतात. ४०० ची गॅरंटी दिली आणि ३४० जेवले तरी पैसे ४०० चे. त्यामुळे गॅरंटी नेहमी अंदाजापेक्षा थोडी कमी द्यावी. वरच्या ताटांचा दर काय, जास्तीत जास्त किती ताटं वाढवता येतील आणि शेवटचा आकडा किती दिवस आधी द्यायचा, हे लिहून घ्यावं.

बुफेत मोजणी प्लेटवर होते. लहान मूल एक प्लेट घेऊन अर्ध्यात टाकतं, आई त्याला दुसरी आणून देते. एखादे काका भात घ्यायला नवी प्लेट उचलतात. या सगळ्यांची नोंद वेगवेगळी माणसं म्हणून होते. उपाय साधा आहे: घरातला एक विश्वासू माणूस, शक्यतो ज्याला स्टेजवर काही काम नाही असा, जेवण सुरू होण्याआधी केटररच्या माणसाबरोबर प्लेटच्या चळती मोजतो, आकडा कागदावर लिहून दोघं सह्या करतात, आणि शेवटी उरलेल्या प्लेट पुन्हा मोजतात. हा कागद हातात असला की रात्री "पाचशे वीस झाली, साहेब" या वाक्यावर वाद घालावा लागत नाही. पंगत असेल तर पानं मोजणं आणखी सोपं.

मेनूबद्दल एकच गोष्ट. पाणीपुरी, डोसा, चायनीजचे काउंटर वाढवताना त्यांचा दर सहसा एकूण ताटांवर लागतो, खाणाऱ्यांवर नाही. माणशी ४० रुपयांचा काउंटर ४५० ताटांवर १८,००० होतो, आणि प्रत्यक्षात तिथे गर्दी करणारे शंभर-दीडशे जण असतात. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी-मठ्ठा नीट केला असेल तर चाटचा काउंटर नव्हता म्हणून कुणी नाव ठेवत नाही. ठेवणारे तसेही ठेवतातच.

कोटेशनमधल्या बारीक ओळी

कार्यालयाचं भाडं म्हणून सांगितलेला आकडा हा शेवटचा आकडा क्वचितच असतो. वीज मीटरप्रमाणे, जनरेटरचं डिझेल वेगळं, स्वच्छता, पार्किंगचा माणूस, भांड्यांची तूटफूट, जादा खोल्या, असं एकेक खाली लिहिलेलं असतं. ताबा सकाळी किती वाजता मिळतो आणि हॉल कधी सोडायचा हे नक्की बघा, कारण उशिराच्या तासाला वेगळा दर असतो आणि आपल्याकडे वरात वेळेवर पोचली असं फारसं ऐकिवात नाही. बाहेरचा डेकोरेटर किंवा केटरर आणायचा असेल तर काही ठिकाणी त्याचेही पैसे घेतात. मग बाहेरचा "स्वस्त" माणूस स्वस्त राहत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जीएसटीकडे. सांगितलेला दर कर धरून की सोडून, हे पहिल्याच भेटीत विचारा. साध्या केटरिंगला ५ टक्के लागतो, नुसत्या हॉलच्या भाड्याला १८, आणि ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे तिथे जेवणालाही १८. तीन लाखांच्या जेवणावर ५ आणि १८ टक्क्यांत ३९,००० रुपयांचा फरक पडतो. त्यात गुरुजी आणि सनई-चौघडा दोन्ही होऊन जातील.

"खर्च अर्धा-अर्धा"

ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. पण मुलीकडची दीडशे माणसं आणि मुलाकडची साडेतीनशे असतील, तर ५०० रुपये दराने जेवणाचे अडीच लाख होतात आणि अर्धे म्हणजे सव्वा लाख. मुलीकडच्यांनी खाल्लं ७५,००० चं, भरले सव्वा लाख. याद्या करायच्या बैठकीतच हे बोलून घ्यावं: हॉल, गुरुजी, स्टेजचं डेकोरेशन असा माणसांवर न ठरणारा खर्च निम्मा-निम्मा, आणि ताटं ज्याची त्याची. असं ठरलं की दोन्ही याद्या आपोआप आटोक्यात येतात, कारण प्रत्येक नावाचे पैसे त्याच घराच्या खिशातून जातात.

मागणी करून घेतलेली रोकड, गाडी किंवा सोनं हा मात्र या चर्चेचा विषय नाही. तो हुंडा आहे आणि १९६१ च्या कायद्याने देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. "लग्न करून द्या, बाकी काही नको" असं म्हणून पुढे ८०० माणसांची यादी पाठवणारेही असतात; त्यांनाही ताटांचा वरचा नियम सांगून बघावा.

मानपान आणि सोनं

मानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, फेटे, करवल्यांचे कपडे, घरच्या बायकांचा मेकअप हे किरकोळ म्हणून "इतर" या ओळीत टाकलं जातं. इथे नात्यानं नाव लिहा: विहीण, मामी, आत्या, मोठी काकू. वीस साड्या प्रत्येकी १,५०० च्या म्हणजे ३०,००० झाले. फेट्याला कापडाचे आणि बांधणाऱ्याचे पैसे मिळून नगावर दर असतो, त्यामुळे "सगळ्या पुरुषांना फेटे" म्हणण्याआधी पुरुष मोजा.

सोनं रुपयांत न ठरवता ग्रॅममध्ये ठरवा. बैठक दिवाळीत आणि खरेदी एप्रिलमध्ये असेल तर भाव तोच राहणार नाही. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरूनच आकडा लिहा. मंगळसूत्रासारखं नक्की लागणारं काही असेल तर ते आधीच घेऊन टाकलेलं बरं.

तारखेची किंमत

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि चांगल्या तारखांना सगळ्यांचे दर चढे असतात. अधिक महिना आला की उरलेल्या तारखांवर गर्दी होते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीतला महिना गेला. मधल्या वारी मुहूर्त असेल तर कार्यालयवाल्याशी बोलता येतं, आणि ऑफिसवाले कमी येतात हाही फायदाच. दुपारी लग्न आणि संध्याकाळी रिसेप्शन ठेवताना एवढं लक्षात घ्या की बाहेरगावचे आणि घरचे दोन्ही वेळा जेवणार आहेत. सीमांत पूजनाचं आदल्या रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे-उपमा त्याशिवाय.

बजेट आधीच हाताबाहेर गेलं असेल तर

टोकन गेलं, पत्रिका छापल्या, आणि आता बेरीज जुळत नाही. अशा वेळी फुलं कमी करून पाच-दहा हजार वाचतात, माणसं कमी केली तर लाखाच्या घरात. पत्रिका गेलेल्या घराला "येऊ नका" सांगता येत नाही, पण न गेलेल्या थांबवता येतात. सोसायटीतले लोक आणि वडिलांचे जुने सहकारी यांना लग्नानंतरच्या सत्यनारायणाला तीर्थप्रसादासाठी घरी बोलवा. त्यांनाही नवरा-नवरीशी दोन शब्द बोलायला मिळतात, जे स्टेजच्या रांगेत मिळत नाहीत. मेनूतला एक गोड पदार्थ आणि एक काउंटर काढून ताटाचा दर खाली येतो का हे केटररला विचारा. गॅरंटीचा आकडा द्यायची मुदत संपलेली नसेल तर तोही कमी करून घ्या.

पैसे आहेत पण त्या दिवशी हातात नाहीत, ही वेगळी अडचण. बँडवाला, फेटेवाला, गाडीवाला, गुरुजी सगळे उरलेली रक्कम लग्नाच्या दिवशीच मागतात. यूपीआयवर एकमेकांना पाठवण्याची दिवसाची मर्यादा सर्वसाधारणपणे १ लाख आहे आणि ती दुपारपर्यंत संपते. म्हणून वडिलांच्या एकट्याच्या फोनवर विसंबू नका. प्रत्येकाच्या नावाचं पाकीट आदल्या रात्री करून ठेवा, वर रक्कम लिहा आणि सगळी पाकिटं एकाच माणसाकडे द्या. कार्यालयासारखी मोठी बिलं आधीच बँकेतून भरा, कारण आयकर कायद्यानुसार एका समारंभासाठी एकाच व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.

कार्यालयाचं डिपॉझिट मात्र हॉल सोडतानाच मागून घ्या. भांडी, खोल्यांच्या किल्ल्या, मीटरचं रीडिंग, सगळं त्यांच्या माणसासमोर तपासून लगेच हिशेब करा. दोन दिवसांनी गेलात तर तोवर तिथे दुसरं लग्न होऊन गेलेलं असतं आणि फुटलेली खुर्ची कुणाची, हे कुणालाच सांगता येत नाही.