सेकंडहँड ऑल व्हील ड्राइव्ह वॅगन घेताय? आधी गाडीखाली शिरा

पाऊस तोंडावर आला की गोव्यात "फोर बाय फोर पाहिजे" म्हणणारे एकदम वाढतात. त्यातल्या ज्यांना जीपसारखं उंच धूड नको असतं पण मागे चवथीचं सामान, माटोळीचा (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचा) बाजार, कुत्रा आणि वर दोन पाहुणे मावायला हवे असतात ते वॅगन (बुटकी, पण छत मागे डिकीपर्यंत गेलेली गाडी) शोधायला लागतात, आणि तिथेच घोडं अडतं, कारण आपल्याकडे स्टेशन वॅगन कधी चाललीच नाही. इंडिगो मरिना आली नि गेली, ऑक्टाव्हिया कॉम्बी आली नि गेली, आणि त्या दोन्ही पुढच्याच चाकांवर चालणाऱ्या. चारही चाकांना ताकद जाणारी खरी वॅगन म्हणाल तर २०१७ ची व्होल्वो व्ही नाइन्टी क्रॉस कंट्री आणि २०१८ ची मर्सिडीज ई क्लास ऑल टेरेन, नव्या असताना साठ ते पंच्याहत्तर लाखांच्या घरातल्या. आपल्या खिशात बसणारं म्हणजे वॅगनच्या जवळ जाणारी स्कोडा यती नि २०१४ च्या शेवटी आलेली डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह. मी इथे जे सांगतोय ते या सगळ्यांना लागू पडतं.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डस्टर रिलायबल आहे का?" अहो, दहा वर्षं झालेल्या गाडीला मॉडेलचं नाव कितीसं वाचवणार. इंजिनाकडे सगळेच बघतात, ऑइल बदलतात, फिल्टर बदलतात. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत मागे अजून एक शाफ्ट, मागच्या चाकांकडे लागेल तशी ताकद जोडणारं एक कपलिंग, ती दोन चाकांत वाटणारं एक डिफरेन्शियल असतं आणि त्याचं तेल बदलायचं असतं हे बऱ्याच मालकांच्या गावीच नसतं. आधीच्या मालकाने त्या मागच्या भागाकडे बघितलंय की नाही ते शोधून काढायचं, बाकी तपासणी कुठल्याही जुन्या गाडीसारखीच.

आधी खात्री करा, गाडी खरंच ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना

हसू नका, बॅज बाजारात विकत मिळतो. डस्टर बहुतेक सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्हच विकल्या गेल्या, एडब्ल्यूडीमध्ये गियरच्या आसपास टू डब्ल्यूडी, ऑटो, लॉक अशी फिरवायची नॉब असते. यतीचंही तेच, ११० पीएसची गाडी फोर बाय टू आणि १४० पीएसची फोर बाय फोर, जाहिरातीत मात्र दोन्ही "यती डिझेल". नॉब बघून समाधान मानू नका, खाली वाका आणि इंजिनापासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट दिसतो का बघा. कपलिंग किंवा मागचं डिफरेन्शियल गेलं आणि खर्च झेपला नाही की काही जण शाफ्टच काढून टाकतात, गाडी पुढच्या चाकांवर मस्त चालते, आणि दोन वर्षांनी तशीच विकायला काढतात. फोंड्याच्या एका मेस्त्रीने लिफ्टखालून गिऱ्हाइकाला ओरडून सांगितलेलं, "पात्रांव, हाका शाफ्टूच ना मरे!" (साहेब, हिला शाफ्टच नाही!) मालक बाजूलाच उभा होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा.

कागद

परिवहनच्या साइटवर नाहीतर एम परिवहन ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, कर्ज चढलंय का, गाडी कुठल्या वर्गात नोंदलीय एवढं तरी बघाच. गोव्यात रेंट अ कॅबची काळी नंबरप्लेट पुढे पांढरी करून गाड्या विकल्या जातात. ते कायदेशीर करता येतं, वाईट काही नाही, पण दर चार दिवसांनी नवीन टुरिस्टाने क्लच जाळलेली गाडी ती. पांढऱ्या प्लेटवरच भाड्याने फिरवलेल्याही असतात आणि ते कागदावर दिसत नाही, मग किलोमीटरच्या मानाने स्टिअरिंग, पेडलचं रबर, मागच्या सीटा किती झिजल्यात त्यावरून अंदाज घ्यायचा.

दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल दिसली की लगेच भुलू नका. तिकडे दहा वर्षांच्या डिझेलवर बंदीचा नियम आल्यापासून तिथल्या बऱ्याच गाड्या खाली दक्षिणेकडे सरकल्या. गाडी चांगली असू शकते, दिल्लीत ना समुद्र ना आपल्यासारखा पाऊस, बॉडी बऱ्याचदा इथल्या गाडीपेक्षा कोरडी निघते. पण एनओसी, गोव्याचा रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं किमतीत धरा. परराज्याचा नंबर घेऊन बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवता येत नाही.

अजून एक, विम्याची पॉलिसी मागून घ्या आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती ते बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांवर जातो. आठ वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर शून्य दिसला तर गेल्या वर्षी काय झालं हे सरळ विचारा. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे हा पुरावा नव्हे, पण विचारायला धागा मिळतो.

टायर, आणि इथे वेळ काढा

साध्या गाडीत पुढे दोन नवे नि मागे दोन जुने टायर चालून जातात. इथे नाही. झिजलेल्या टायरचा घेर कमी म्हणून तो तेवढ्याच अंतरात जास्त फिरतो, मग पुढच्या नि मागच्या एक्सलचा वेग कायम थोडा वेगळा राहतो, कपलिंगला वाटतं चाक घसरतंय, आणि सरळ हायवेवरसुद्धा ते बिचारं काम करत राहतं नि तापत राहतं. हजारो किलोमीटर असं चाललं की कपलिंगचं आयुष्य संपलं.

म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच साइजचे आहेत का बघा. ट्रेड (टायरवरच्या खाचांची खोली) मोजायचा गेज स्वस्तात मिळतो, नव्या टायरला साधारण ८ मिमी असतो, १.६ च्या खाली गेला की टायर बाद. चारांमध्ये दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे तुम्हाला चार टायर घ्यावे लागणार, आणि दुसरी जास्त महत्त्वाची, या मालकाला आपल्या गाडीबद्दल फारसं माहीत नव्हतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकदम बदललेले दिसले की मला तरी त्या मालकाबद्दल आदर वाटायला लागतो.

गाडी कधी टो केली होती का तेही विचारा. इथल्या साध्या क्रेन पुढची चाकं उचलतात नि मागची रस्त्यावर घासत नेतात, ऑल व्हील ड्राइव्हला ते मानवत नाही, ती चारही चाकं वर घेऊन फ्लॅटबेडवर न्यायची असते.

लिफ्टवर घ्याच

मालक लिफ्टवर न्यायला "कशाला, गाडी टकाटक आहे" म्हणत टाळत असेल तर नमस्कार करून निघा. खालून तीन गोष्टी बघायच्या.

गंज: गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारा वारा. कळंगुट, कोलवा पट्ट्यात रोज उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि वाळपईच्या शेडमधली गाडी वयाने सारखी असली तरी खालून सारखी नसते. सबफ्रेम (इंजिन नि सस्पेन्शन बसवलेली खालची चौकट), ब्रेकचे पाइप, मागच्या सस्पेन्शनचे आर्म, डिकीच्या दाराची खालची कड हे बघा. बीचवर गाडी न्यायला बंदी आहे तरी नेणारे नेतातच, बंपरच्या आतल्या कोपऱ्यात नि अंडरकव्हरवर वाळू सापडली की समजायचं. नुकताच मारलेला काळा कुळकुळीत कोट दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, गंजलेला पत्रा बद्द वाजतो.

तेल: मागच्या डिफरेन्शियलला नि कपलिंगला ओल असेल तर कुठल्या सीलमधून येतेय ते मेस्त्रीला बघू दे. फिलर बोल्टची कड अगदी कंपनीसारखी कोरी असेल तर तो बहुतेक कधी उघडलेलाच नाही. यतीमधलं हाल्डेक्स कपलिंग असो की व्होल्वोमधलं, तेल ठरावीक काळाने बदलायचंच असतं, सोबत फिल्टर नाहीतर पंपाची जाळी साफ करायची असते. बिलं मागा. "लाइफटाइम ऑइल आहे" असं उत्तर आलं तर तेल बदललेलं नाही असं समजा.

शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का, सीव्ही जॉइंटचे (चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांचे) रबरी बूट फुटून ग्रीस उडालंय का, हे दिसतंच.

पुरात बुडालेली नाही ना

जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोलीकडे पाणी भरलं, त्याच दिवसांत चिपळूण बुडालं, कोल्हापूर-सांगलीला २०१९ मध्येही पाणी आलं. त्या गाड्या कुठे गेल्या? पुसून-धुऊन आपल्यासमोरच आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर हिरवट झालेत का बघा. डॅशबोर्ड चकचकीत असेल हो, तो सगळेच पुसतात.

चालवायची कशी

आधीच सांगा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. थंड इंजिन स्वतः चालू करा.

मग मोकळ्या डांबरी जागेत नॉब असेल तर ती ऑटोवर ठेवून (लॉकवर नको, लॉकमध्ये गाडी अडखळणारच) स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू हळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंनी. गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडली किंवा टायर उड्या मारत घासले तर कपलिंग अडकलंय. पुढून टकटक आली तर सीव्ही जॉइंट, तो खर्च त्यामानाने कमी.

नंतर मागची चाकं खरंच ढकलतात का बघायचं. मालकाला विचारून खडीचा किंवा पावसात शेवाळलेला चढ शोधा, गोव्यात तो पाच मिनिटांवर मिळतो. नॉब असेल तर लॉकवर टाका, मित्राला बाजूला उभं करा (पुढे-मागे नको) आणि हळूच चढवा. पुढची चाकं गरगरतायत आणि मागची नुसती बसलीयत असं झालं तर मागचं ते शाफ्ट-कपलिंग तुम्ही नुसतं वजन म्हणून वागवणार आहात.

मग लांब चालवा. चोर्ल्याचा घाट झाला तर उत्तम. साठ-ऐंशीला ॲक्सिलरेटर सोडला की मागून हुंकारल्यासारखा आवाज येतो का, ठराविक स्पीडला गाडीचा तळ थरथरतो का, घाट चढून आल्यावर वॉर्निंगचा दिवा लागतो का. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड बघा, आणि कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय तोही आकडा बघा. तो तीस-चाळीस निघाला तर काल-परवाच कोणीतरी काहीतरी लपवलंय.

भाव

पार्ट काउंटरला फोन करून कपलिंग, शाफ्टचं बेअरिंग नि मागचं डिफरेन्शियल मिळतं का, किती दिवसांत, कितीला हे गाडी ठरवण्याआधी विचारून ठेवा. डिझेल डस्टर २०२० ला बीएस सिक्सचा प्रदूषण-नियम आल्यावर बंद झाली. इंजिनाचे पार्ट बऱ्याच गाड्यांना सामाईक म्हणून मिळतात, मागच्या ड्राइव्हचे त्या मानाने कमी लोकांना लागतात. डस्टरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून पैसे कापा. मर्सिडीजला एअर सस्पेन्शन, रात्रभर उभी राहून सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला तर तिथेच भाव बंद.

आणि एक विचारतो, रागावू नका. तुम्ही पर्वरी ते पणजी करणार, वर्षातून दोनदा गावाला जाणार, तिथेही घरापर्यंत डांबर. मग चार चांगले टायर घातलेली फ्रंट व्हील ड्राइव्ह घ्या की, पैसे वाचतील. सांगे-काणकोणकडे मातीचा चढ रोज असेल तर गोष्ट वेगळी.

सौदा ठरला तर मालकी बदलायच्या फॉर्म २९ नि ३० वर सह्या त्याच दिवशी, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या. गाडी घरी नेण्याआधी वाटेत गॅरेजला थांबून कपलिंग नि मागच्या डिफरेन्शियलचं तेल बदलून घ्या, बिल असलं तरी.