बोटीच्या तळातलं थ्रू-हल फिटिंग पुन्हा कसं बसवावं

नागपूरकडच्या खिंडसी तलावावर चालणारी फायबरची बोट असो की अंबाझरीची, तळाला किंवा मागच्या फळीला भोक पाडून त्यात एक फिटिंग बसवलेलं असतं. हेच थ्रू-हल: बाहेरून चकती, आत येणारा आट्यांचा दांडा आणि त्यावर आतून नट. आत-बाहेर जाणारं पाणी याच वाटेने जातं. त्याच्या कडेने पाझर सुरू झाला की बहुतेक जण नट आणखी आवळतात. पाणी अडवण्याचं काम सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या चिकट लेपाचा, थर करतो, नट त्याला फक्त जागेवर धरून ठेवतो. थर जुना होऊन सुटला असेल, तर फिटिंग काढून नव्याने बसवण्याला पर्याय नाही.

उन्हाळ्यात तलाव आटतात, बोट बाहेर काढणं सोपं जातं, म्हणून काम मे महिन्यातच निघतं. बोट ट्रॉलीवर, सावलीत घ्या. आतला होस पाइप आणि व्हॉल्व्ह काढा. एकाने बाहेरून फिटिंग घट्ट धरायचं, दुसऱ्याने आतून पाना लावायचा. नट जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. तरीही हलला नाही तर बाहेरची चकती ग्राइंडरने कापून टाका. नवं फिटिंग स्वस्त पडतं, फुटलेला तळ नाही.

आता भोकाच्या कडेने हाताचं बोट फिरवून नीट बघा. काही बोटींच्या तळात फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. ते काळं, मऊ लागलं तर कुजलेला भाग खरवडून काढा, पूर्ण वाळू द्या आणि कडेला इपॉक्सी भरून लाकूड बंद करा. हे न करता वरून कितीही सीलंट लावा, पाणी लाकडातून सरकत राहील.

जुना सीलंट पातळ पात्याच्या पत्रीने खरवडा, 80 नंबरच्या सँडपेपरने घासा, मग स्वच्छ कापडाने ॲसिटोन फिरवा. ॲसिटोन लगेच पेट घेतं, जवळ विडी-सिगारेट नको. आधी कोणी सिलिकॉन लावलं असेल तर त्याचा अंशही ठेवू नका. त्यावर दुसरं काहीच धरत नाही. पाण्याखाली सिलिकॉन वापरूच नये. बोटीसाठीचा, कायम पाण्यात चालणारा पॉलियुरेथेन सीलंट घ्या. क्लॅम्प, वॉशर नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत मिळतील, हा सीलंट मात्र बहुधा मागवावा लागेल. फिटिंग प्लास्टिकचं असेल तर त्यावर तो चालतो का, हे सीलंटच्या नळीवर वाचून घ्या.

सीलंटशिवाय एकदा सगळं जोडून बघा. नटाखाली आतून सपाट आधारपट्टी बसते का? व्हॉल्व्ह किती आटे धरतो? घरच्या नळाचे व्हॉल्व्ह बऱ्याचदा निमुळत्या आट्यांचे असतात, थ्रू-हलचे आटे बहुधा सरळ असतात. दोन-तीन आट्यांवर लटकलेला व्हॉल्व्ह धक्क्याने निखळू शकतो, म्हणून जोडीचाच घ्या. गोड्या पाण्यात पितळ बऱ्यापैकी टिकतं. बोट कधी मालवणला नेणार असाल तर कांस्याचं फिटिंग लावा.

बाहेरच्या चकतीभोवती मास्किंग टेप लावून ठेवा. चकतीच्या आतल्या बाजूला सीलंटची जाड, अखंड वळी द्या. भोकाच्या कडेला आणि तळाच्या जाडीत येणाऱ्या आट्यांनाही लावा. फिटिंग बाहेरून सरळ आत ढकला. बाहेरचा माणूस ते फिरू देणार नाही, फक्त आतला नट फिरेल. चकतीच्या चारही बाजूंनी सीलंटची सारखी कड बाहेर आली की थांबा. त्याहून आवळलं तर सगळा सीलंट पिळून निघतो आणि सांधा कोरडा पडतो. बाहेर आलेला सीलंट पुसा, टेप लगेच काढा.

यापुढचं नागपुरात नीट समजून घेण्यासारखं आहे. हा सीलंट हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. नळीवरची मुदत बहुधा 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता धरून दिलेली असते. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा 45 च्या आसपास आणि हवा कोरडी ठक्क. वरची साय तासाभरात धरते, हाताला लागत नाही, आणि आत मात्र कच्चं असतं. म्हणून काम पहाटे करा, साय धरल्यावर बोटीखाली ओली पोती टाकून ठेवा, आणि नळीवर काहीही लिहिलं असलं तरी किमान आठवडाभर बोट हलवू नका. या काळात नटाला पाना लावायचा नाही. धरलेला सीलंट सुटतो.

मग व्हॉल्व्ह आणि होस जोडा, जागा असेल तिथे स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प लावा. ट्रॉलीवरच व्हॉल्व्ह बंद करून बोटीत फिटिंग बुडेल इतकं पाणी ओता आणि खालून चकतीच्या कडेने कोरडा टिश्यू पेपर फिरवा. कागद ओला झाला नाही तरच बोट पाण्यात उतरवा. पहिल्या दिवशी प्रवासी घेऊ नका. व्हॉल्व्ह बंद असताना तासभर आणि उघडल्यावर पुन्हा तासभर आत बघत राहा. फिटिंग तुटलंच तर भोकात ठोकायला त्याच मापाची लाकडी खुंटी व्हॉल्व्हलाच दोरीने बांधून ठेवा.